अनुसयानं बसवलेली डिस्क

रामनगर,
कोजागिरीनंतरचा गुरुवार

प्रिय मयूरी,

पत्र बघून दचकू नकोस. रोज संध्याकाळी फोन होतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तू विचारतेस, अप्पा जेवलात का, मी म्हणतो जेवलो, आणि तेवढ्यात तुला कुणीतरी हाक मारतं. जे सांगायचं आहे त्याला एक अख्खी दुपार लागते. आज दुकान बंद आहे, दुपार मोकळी आहे, म्हणून सांगतो.

तू शिमग्याला आलीस तेव्हा कॉम्प्युटरसाठी दुसरी डिस्क आणून कपाटात ठेवली होतीस. गणेशचवथीला आले की बसवून देते, तोवर जुन्या लग्नांचं कच्चं शूटिंग पुसून टाका, जागा होईल, असं सांगून गेलीस. चवथीला तुला यायला जमलं नाही. आणि मी पुसलंही काही नाही. तू रागावशील म्हणून फोनवर 'व्हय, व्हय' म्हणत राहिलो. एकोणीस लग्नं त्या एका डिस्कवर बसली होती आणि कॉम्प्युटर इतका संथ झाला होता की सुरू करून आंघोळीला गेलो तरी परत येईपर्यंत तो उठत नसे.

दसऱ्याच्या आधीच्या बुधवारी सकाळी अणशीकडचा लखू आला. जोयड्याला बस बदलून आला होता, आणि बरोबर त्याची बायको फुला. तुला लखू आठवणार नाही, पण त्याच्या मुलीचं, सुनयनाचं लग्न मी सहा वर्षांपूर्वी केलं होतं. 'मी लग्न केलं' असं म्हटलं की तू हसतेस, पण आम्हा फोटोवाल्यांची भाषाच तशी आहे. फुला बाकावर बसली. गळ्याला पांढरं फडकं गुंडाळलेलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. श्वास गळ्यावरच्या भोकातून येतो, त्याची बारीक शिट्टी वाजते.

लखू म्हणाला, "दादा, सुनयनाच्या लग्नाची व्हिडिओ तुमच्याकडं अजून हाय काय? आमच्या सीडीला पावसात बुरशी आली." मी विचारलं, एवढ्या दिवसांनी कशाला लागली? त्यानं बायकोकडं बघितलं. मग म्हणाला, "नात आलीय, अंकिता. चार वर्षांची. हिच्याजवळ जातच न्हाई. शिट्टी वाजली की रडती. म्हटलं, तिला एकदा आजीचा आवाज ऐकवावा. सोमवारी सकाळच्या गाडीनं मायलेकी मडगावला परत जाणार."

मयूरी, मला त्या क्षणी काय वाटलं ते तुलाच कळेल, कारण तू माझ्या शेजारी बसून कितीतरी लग्नांची शूटिंगं कापली-जोडली आहेस. सुनयनाच्या लग्नाच्या सीडीत आवाजच नव्हते. मुहूर्तापासून वरातीपर्यंत सगळ्यावर मी सिनेमातली गाणी टाकली होती. लोकांना तेच आवडतं असं मी तीस वर्षं धरून चाललो. ती सीडी कोरी करकरीत असती तरी फुलाचा एक शब्द तिच्यात सापडला नसता. आवाज असलाच तर तू पुसायला सांगितलेल्या कच्च्या शूटिंगमध्ये. मी लखूला म्हटलं, सोमवारी सकाळी लवकर या, गाडीच्या आधी, बघू. फुला काही बोलू शकत नव्हती. जाताना तिनं तुझ्या आईच्या दंडावर हात ठेवला, तेवढंच.

ती माणसं गेल्यावर मी कॉम्प्युटर लावला. शूटिंग होतं. पण उघडायला गेलं की पडद्यावर तीच पाटी, जागा शिल्लक नाही. चित्र दोन सेकंद हलायचं आणि थिजायचं. सुनयनाचं तोंड अर्धं उघडं. मी म्हटलं, आता मयूरीला फोन लावतो. तर तुझ्या आईनं फोन उचलून ओट्यावर ठेवला. म्हणाली, "तिला लावू न्हका. शुक्रवारी तिची जर्मनीच्या कामाची मुलाखत हाय. ऐकलं की रातच्या गाडीनं येऊन हुभी ऱ्हाईल." मी म्हटलं, मग कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेऊन बेळगावला जावं लागेल. ती म्हणाली, तिथं ठेवून घेतील आठ दिवस. मग म्हणाली, "मी बसवते."

मी हसलो. हे कबूल करायला हवं, म्हणून करतो. तिला म्हटलं, अगं, तो काय मिक्सर आहे?

आता थोडं मागचं सांगतो. दुकानाच्या पाटीवर तुझं नाव आहे. अल्बमच्या मागच्या शिक्क्यात माझं आहे. तुझ्या आईचं कुठंही नाही. लग्न होऊन खानापुराहून आली तेव्हा मी न्हाणीघरात काळा पडदा लावून फोटो धूत असे. पाणी कोमट किती हवं ते ती कोपर बुडवून सांगायची, आणि तिचं कधी चुकलं नाही. पुढं हजारो फोटो तिनं अल्बमात चिकटवले, एकाखाली हवेचा फुगा राहिला नाही. मी फोल्डरला तारखा देतो आणि विसरतो. ती म्हणते, ते मोरपिशी शालूवालं लग्न ना, नंदगडचं, मांडवात कुत्रं शिरलं होतं ते, आणि तेच निघतं. पण कॅमेरा असो, कॉम्प्युटर असो, ती जवळ आली की माझ्या तोंडून एकच शब्द निघायचा. बाजूला हो. रागानं नाही गं, सवयीनं. एकतीस वर्षं ती बाजूला होत राहिली, आणि बाजूला उभी राहून बघत राहिली. काय काय बघितलं ते मला त्या आठवड्यात कळलं.

तू पहिली डिस्क घातलीस तेव्हा स्क्रूची वाटी घेऊन ती तुझ्याजवळ बसली होती, आठवतं? हे कशाला, ते कशाला, असं विचारत होती आणि मी म्हणालो होतो, पोरीला काम करू दे. त्यातलं सगळं तिच्या लक्षात होतं. तरी बुधवारी आणि गुरुवारी दुपारी तिनं मोबाइलवर माहितीचे व्हिडिओ बघितले. मराठीतला माणूस फार घाईनं बोलत होता. मग तिला कन्नडमधले एक मास्तर सापडले, शाळेत शिकवल्यासारखे सावकाश सांगणारे. ती चार वाक्यं ऐकायची, थांबवायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत लिहून घ्यायची. बावीस पायऱ्या झाल्या. शेवटच्या पायरीखाली लिहिलं होतं, 'घाई करायची नाही.' ते मास्तरांचं की तिचं, मी विचारलं नाही.

दसरा गुरुवारीच होता, त्यामुळं आयुधं पूजेत मांडलेली. कॅमेऱ्यालाही झेंडूची माळ होती. शुक्रवारी सकाळी पूजा उचलल्यावर तिनं सुती लुगडं नेसलं, कारण नायलॉनमुळं कपड्यात वीज राहते आणि ती आतल्या सर्किटच्या पट्ट्यांना सोसत नाही, असं मास्तरांनी सांगितलं होतं. कॉम्प्युटर बंद केला, वायर भिंतीतून उपटली, आणि नंतरही चालू करायचं बटण दाबून धरलं. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाली, आत उरलेली वीज निघून जाते. पाटावर बसली, कॅबिनेट आडवं केलं, बाजूचा पत्रा काढला आणि कशालाही हात लावण्याआधी मोबाइलवर आतले सात-आठ फोटो काढले. तीस वर्षं फोटो काढून मला जे सुचलं नसतं ते तिला सुचलं. आत धूळ होती आणि एका कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. तिनं ते अख्खं उचलून खिडकीत ठेवलं आणि रंगाच्या ब्रशनं धूळ काढली.

नवी डिस्क खिशातल्या डायरीएवढी, वजनाला काहीच नाही. ती खाचेत सरकवून चार बारीक स्क्रू लावायचे होते. स्क्रू मी लावतो म्हणून मी स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक खाचेत बसेना. पहिल्यांदा घसरलं, दुसऱ्यांदा घसरलं, तिसऱ्यांदा स्क्रूच खाली पडला. तिनं तो वेचला आणि म्हणाली, "द्या हिकडं. तुम्ही बॅटरी धरा." मी बॅटरी धरली. थोड्या वेळानं तिनं तीही माझ्या हातातून काढून डब्यावर टेकवून ठेवली. उजेड एका जागी स्थिर पडला आणि तिनं चारही स्क्रू दोन मिनिटांत बसवले. दोन वायरी होत्या, एक वीज देणारी आणि एक माहिती नेणारी. दोन्हींच्या तोंडाला एक वळण असतं, उलटं घालायला गेलं तर जातच नाही. ती खूश झाली. म्हणाली, "हे बरं केलंय. चुकायला देत न्हाई."

पत्रा लावला, कॅबिनेट उभं केलं, वायर जोडली, बटण दाबलं. आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत पांढरी एक ओळ आली. सुरू करायला डिस्क सापडत नाही, अशा अर्थाची.

मी उंबऱ्यावर बसलो. एकोणीस लग्नं डोळ्यांसमोरून गेली. त्यांतली तीन माणसं आता जगात नाहीत. फुलाला सोमवारी काय सांगायचं, कळेना. आणि मी तुझ्या आईला म्हणालो, "सांगितलं होतं तुला, हात लावू नकोस म्हणून. सगळं घालवलंस." हे मी म्हणालो, मयूरी. ज्याला तीनदा प्रयत्न करून एक स्क्रू बसवता आला नव्हता, तो हे म्हणाला.

ती आत गेली, भाताची पेज ओतून काढली, हात पुसले आणि परत पाटावर येऊन बसली. वायर काढली, पत्रा काढला. मोबाइलवरचा सकाळचा फोटो मोठा करून एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं आतली एकेक वायर तपासत गेली, ही इथं हाय, ही इथं हाय, असं पुटपुटत. चौथ्या वायरीवर बोट थांबलं. जुन्या डिस्कची माहितीची वायर अर्धी बाहेर आली होती. नवी सरकवताना कोपर लागलं असणार. तिनं अंगठ्यानं ती आत ढकलली. टक् असा आवाज आला. बटण दाबलं आणि मी जेवून उठेपर्यंत कॉम्प्युटर सुरू झाला.

मला वाटलं संपलं. पण नवी डिस्क कुठंच दिसेना. ती म्हणाली, अजून सहा पायऱ्या हायत, तिला आधी घर बांधून द्यायचं, मग ती राहायला येणार. माउसच्या उजव्या बटणातून तिनं पडद्यावर ती दोन पट्ट्यांची खिडकी उघडली, एका डिस्कची एक पट्टी. तिथं एक चूक आणि जुनी डिस्क कोरी होते. मी घाईघाईनं म्हटलं, वरचीच असेल, दाब. ती म्हणाली, "थांबा. आकडा वाचा." मी वाचला. एकीचा नऊशे एकतीस, दुसरीचा अठराशे त्रेसष्ट. "नवी मोठी हाय. परत वाचा." परत वाचला. मोठीच्या पट्टीवर काळी रेघ होती, म्हणजे आत कुणी नाही. तिनं मला तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मगच बटण दाबलं. मी 'दाब' म्हटलेली ती वरची पट्टी जुन्या डिस्कची होती. तिनं हे पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी सांगतो.

शेवटी कॉम्प्युटरनं विचारलं, डिस्कला नाव काय द्यायचं? ती 'नवीन' असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, तुझंच नाव दे, अनुसया. ती म्हणाली, काहीतरीच. मी एकेक अक्षर सांगत गेलो आणि तिनं एका बोटानं टाइप केलं. पुढं शनिवारभर सगळी लग्नं नव्या डिस्कवर जात राहिली. मधे दोनदा वीज गेली, इन्व्हर्टरनं तारलं. जुनी डिस्क मोकळी झाली तसा कॉम्प्युटर तू आणलास त्या वर्षीसारखा पळायला लागला.

रविवारी आम्ही दोघांनी सुनयनाचं लग्न पहिल्यापासून ऐकलं. मी ते तेव्हा ऐकलंच नव्हतं, नुसतं बघितलं होतं. फुला कॅमेऱ्यासमोर येतच नव्हती, पण तिचा आवाज सगळीकडं होता. हळद वाटताना बायकांच्या पुढं तीच गाणं म्हणत होती. जड, खोल आवाज, शेवटचा शब्द ओढून धरणारा. मांडवात पाहुण्यांना बसायला सांगत होती, कुणाला तरी खडसावत होती की भाताला झाकण घाला. एका ठिकाणी चित्रात नुसती फणसाची झाडं आहेत, कॅमेरा माझ्या गळ्यात लोंबतोय, आणि ती म्हणते, "ओ फोटोवाल्या, सकाळपासनं पोटात काय न्हाई तुझ्या. आधी जेव. लग्न काय पळून जात न्हाई." मी हा तुकडा सीडीतून कापून टाकला होता. मयूरी, त्या बाईनं मला जेवायला वाढलं होतं हेही मी विसरलो होतो.

काय ठेवायचं ते तुझ्या आईनं ठरवलं. मी शेजारी बसून बटणं सांगत होतो, माउस तिच्या हातात. गाणी एकही टाकली नाहीत. अर्ध्या तासाची फिल्म झाली.

सोमवारी सकाळी सगळी आली. अंकिता आईच्या पदराला धरून, आजीपासून लांब. तिला स्टुलावर बसवलं. पडद्यावर नवरीच्या वेशातली आई बघून ती खुशीत होती. मग गाणं सुरू झालं. सुनयना म्हणाली, "ही कोण गाती ठाऊक हाय? आज्जी." पोरीनं मागं वळून फुलाकडं बघितलं, मग पडद्याकडं, मग परत फुलाकडं. "हे तू?" फुलानं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण मान नीट, ठामपणे हलवली. ते 'आधी जेव' आलं तेव्हा पोर खदखदून हसली आणि म्हणाली, परत लाव. तुझ्या आईनं परत लावलं. सात वेळा लावलं. सातव्या वेळेपर्यंत ती स्टुलावरून उतरून आजीच्या गुडघ्याला पाठ टेकून उभी होती. शिट्टी वाजत होतीच. तिनं एकदा वर बघितलं आणि परत पडद्याकडं वळली. लखू बाहेर जाऊन पायरीवर बसला.

तेव्हापासून तुझी आई रोज दुपारी एकेक लग्न उघडते आणि माणसांचे आवाज वेगळे काढून ठेवते. बातमी पसरली आहे. काल गणेशगुडीहून एक म्हातारे आले होते, भावाचा आवाज मागायला. मी दुकानात होतो, तरी ते थेट तिच्याकडं गेले. मला बरं वाटलं.

आता ज्यासाठी एवढं सगळं सांगितलं ते सांगतो. मी या हंगामात एकही लग्न घेतलं नाही, पाठ दुखते असं तुला सांगितलं. पाठ ठणठणीत आहे. माझा उजवा हात थरथरतो. दीड वर्ष झालं. आषाढात बेळगावच्या डॉक्टरांना दाखवलं, कंपवात आहे म्हणाले. गोळ्या चालू आहेत, सावकाश वाढणारं आहे, जिवाला धोका नाही. माझ्या हाताखाली शिकलेला वासू आता जोयड्याला तालुक्याची शूटिंगं करतो, त्यालाही कळलं आहे, आणि तुला त्याच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. हे वाचून तू जर्मनीला नाही म्हणशील, म्हणून आधी डिस्कची हकीकत सांगितली. निवड झाली हे कळवताना तू म्हणालीस की घरचं कोण बघणार. घरचं कोण बघतं ते तू आत्ता वाचलंस. जा. दोन वर्षं राहा. इथं काही अडणार नाही.

आणि एक राहिलं. हे सगळं मी फोनवर सांगू शकलो असतो, सावकाश बोलून एखाद्या रविवारी. तरी पत्रच सांगायला बसलो. माझ्या हातानं आता चार ओळींपलीकडं लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र मी सांगतोय आणि तुझी आई लिहितेय. अक्षर बघून तू ते पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. मिक्सरचं वाक्य लिहिताना ती हसली. 'सगळं घालवलंस' हे लिहायला ती तयार नव्हती, राहू द्या म्हणाली, मी लिहायला लावलं. तिनं काय काय केलं आणि मी कुठं चुकलो, हे एकतीस वर्षांत तिच्या तोंडावर बोलायला मला जमलं नाही, आणि आताही जमलं नसतं. तुला सांगतोय असं म्हटलं तर तिला ऐकावंच लागतं, आणि वर स्वतःच्या हातानं उतरवून घ्यावं लागतं. पत्र तुझं आहे, मयूरी, पण ते तिच्यासाठी लिहिलं. गेल्या पाच ओळी ती मान वर न करता लिहितेय. सही मी करणार आहे. वेळ लागेल, वाकडी येईल. तिला सांगितलंय, माझा हात धरू नकोस.

तुझाच,
अप्पा